ब्रेकची वायर अर्थ करू नका: बाइकवरच्या क्रूझ कंट्रोलची जोडणी आणि जुळणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याचे एक गृहस्थ दर महिन्याला बाइकनं बेंगळुरूला जातात. गाडी २०२१ ची रॉयल एनफील्ड इंटरसेप्टर ६५०. धारवाड मागे पडलं की उजव्या पंजाला मुंग्या येतात, म्हणून त्यांनी कारसाठी बनलेलं, इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर चालणारं क्रूझ कंट्रोल किट (ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारं यंत्र) मित्राच्या मदतीनं घरीच बसवलं. तक्रारी तीन. ८० ला सेट केलं की काटा ७४ ते ८६ मध्ये झुलत राहतो. निपाणीपुढच्या तवंदी घाटाच्या चढाला क्रूझ आपोआप सुटतं. आणि गेल्या महिन्यात मागचा दिवा एलईडी केल्यापासून ते मुळी सेटच होत नाही. यावर एका दुकानदारानं सांगितलं, "ब्रेकची वायर सरळ अर्थ करून टाका, लगेच चालू होईल." म्हणजे किटची ती वायर गाडीच्या बॉडीला जोडायची. करू का, असं ते विचारतात.

करू नका. दुकानदार खोटं बोलत नाही, वायर अर्थ केली की क्रूझ खरंच चालू होईल. फक्त ब्रेक दाबल्यावर ते सुटणार नाही. पुढे ट्रक उभा, तुमचा पाय ब्रेकवर आणि यंत्र मात्र ८० राखण्यासाठी रेस वाढवतंय, असा तो प्रकार होईल.

त्या वायरचं काम नीट समजून घ्या, कारण अर्धा विषय तिथंच आहे. या किटच्या मेंदूला, म्हणजे मोड्यूलला, ब्रेकची खबर ब्रेक लाइटकडे जाणाऱ्या वायरवरून मिळते. ब्रेक दाबलेला नसताना त्या वायरवर करंट नसतो, पण ती बल्बच्या तारेतून अर्थला पोचलेली असते. २१ वॅटच्या साध्या बल्बची तार थंड असताना मल्टीमीटर एक ओहमच्या आसपास दाखवतो. मोड्यूलच्या दृष्टीनं ती वायर अर्थलाच जोडलेली. ब्रेक दाबला की तिथं १२ व्होल्ट येतात आणि मोड्यूल क्रूझ सोडून देतं. आता गंमत बघा. बल्ब उडाला, वायर तुटली किंवा होल्डर गंजला, तर मोड्यूलला अर्थ मिळत नाही आणि क्रूझ लागतच नाही. यातलं काहीही बिघडलं तरी यंत्र बंद पडण्याच्याच बाजूला झुकतं. ज्यानं हे सर्किट आखलं त्याला माझा नमस्कार.

एलईडीत तार नसते. मल्टीमीटर लावलात तर शेकडो, हजारो ओहम दिसतील किंवा काहीच दिसणार नाही. मोड्यूलला वाटतं की बल्ब उडालाय, आणि ते नियमानुसार नकार देतं. तेव्हा तुमच्या किटमध्ये बिघाड नाही, ते शहाण्यासारखं वागतंय.

उपाय दोन आहेत. सोपा उपाय म्हणजे जुना बल्ब परत लावा. दहा मिनिटांचं काम आहे आणि मी तेच करतो. एलईडी हवाच असेल तर पाच पायांचा रिले, म्हणजे विजेनं उघडझाप होणारा स्विच, वापरतात. त्याची कॉइल ब्रेक लाइटच्या वायरवर, कॉमन पाय (३०) मोड्यूलकडे, एरवी त्याला जुळलेला पाय (८७ए) अर्थला आणि उरलेला (८७) १२ व्होल्टला. ब्रेक नसताना मोड्यूलला अर्थ दिसतो, ब्रेक दाबला की १२ व्होल्ट. काम चोख होतं, पण इथं एक खोच आहे. रिलेची कॉइल जळली किंवा तिची थिंबल (वायरच्या टोकाची क्लिप) निसटली, तर मोड्यूलला कायम अर्थच दिसत राहतो, म्हणजे दुकानदाराचा सल्ला नकळत अमलात आला. त्यामुळे रिले लावलात तर दर लांबच्या प्रवासाआधी हातानं एकदा आणि पायानं एकदा ब्रेक दाबून त्याचा 'टक्' आवाज ऐकायचा. ज्याला एवढी शिस्त जमणार नाही, त्यानं बल्बच ठेवावा.

मी कोणत्याही गाडीवर हे किट बसवायला घेतो तेव्हा सुटण्याची सगळी जोडणी आधी पुरी करतो. पुढच्या ब्रेकच्या लीव्हरचा स्विच, मागच्या पेडलचा स्विच, क्लचचा स्विच, हँडलवरचं ऑफचं बटण. हे सगळं मीटरवर पास झाल्याशिवाय अ‍ॅक्सिलेटरच्या केबलला हात लावत नाही. घरी बसवणारे बहुतेक जण उलट क्रमानं जातात, कारण वेग धरून ठेवणं ही मजेची बाजू असते.

क्लचचं विसरू नका. क्रूझ चालू असताना क्लच दाबलात आणि यंत्राला ते कळलं नाही, तर चाक इंजिनपासून सुटतं, वेग उतरू लागतो आणि यंत्र रेस वाढवत राहतं. इंजिन किंचाळत रेव्ह लिमिटरला, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेला, जाऊन धडकतं. कारच्या किटमध्ये यासाठी इग्निशन कॉइलवरून आरपीएम मोजणारी एक वायर असते, आरपीएम एकदम उसळले की क्रूझ सुटतं. फ्युएल इंजेक्शनच्या बाइकवर कॉइलला टॅप मारायला मला आवडत नाही. तुमच्या गाडीला क्लचचा स्विच आहेच, त्याचा आधार घ्या.

आता केबल. अपघात घडवणाऱ्या चुका इथं होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

व्हॅक्यूमच्या किटमध्ये डबीसारखा अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे केबल ओढणारा भाग, असतो. आत रबरी पडदा. व्हॅक्यूम मिळाला की पडदा आत खेचला जातो आणि त्याची केबल थ्रॉटल बॉडीवरची (इंजिनला जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागावरची) चकती ओढते. केबल आणि चकती यांच्यामध्ये बारीक मण्यांची साखळी घालतात. साखळी का? कारण ती ओढू शकते, ढकलू शकत नाही. तुम्ही हातानं रेस दिलीत की साखळी नुसती सैल पडते, अ‍ॅक्च्युएटर तुमच्या आड येत नाही. थ्रॉटल पूर्ण बंद असताना या साखळीत साधारण २ मिलिमीटर ढील हवी. ढीलच नसेल तर इंजिन तापल्यावर किंवा हँडल वळवल्यावर आइडलिंग वर चढतं. जास्त असेल तर क्रूझ लागताना वेग आधी खाली येतो आणि मग झटक्यानं वर जातो. तुमच्या ७४-८६ च्या झोक्यामागे हे एक कारण असण्याची मला दाट शंका आहे, कारण घरी बसवणारा माणूस "असू दे जरा सैल" म्हणून पाच-सहा मण्यांची ढील ठेवतोच. जादा साखळी कापून टाका. दुमडून राहिलेला मणी चकती आणि बॉडीच्या फटीत अडकला तर थ्रॉटल उघडाच राहील.

दुसरी गोष्ट याहून बारीक आहे. अ‍ॅक्च्युएटर चकती ओढतो तेव्हा तुमच्या हँडलकडून येणारी मूळ केबल सैल पडते. सैल पडली की तिच्या टोकाचं धातूचं बोंडूक खाचेतून बाहेर सरकू शकतं. क्रूझ सुटल्यावर चकती परत येते, पण बोंडूक खाचेच्या काठावर चढून बसलेलं असतं आणि थ्रॉटल पाव हिस्सा उघडा राहतो. ऑस्ट्रेलियातल्या एमसीक्रूझसारखे बाइकसाठीच किट बनवणारे लोक म्हणूनच दोन्ही केबल एका वेगळ्या डबीत एकत्र आणतात आणि तिथून एकच केबल थ्रॉटलला नेतात. तुमच्या जोडणीत ती डबी नाही. तेव्हा पेट्रोलची टाकी काढा, इंजिन बंद ठेवून बोटानं अ‍ॅक्च्युएटरची केबल पूर्ण ओढा, सोडा, आणि बोंडूक जागेवर राहतं का ते टॉर्च लावून बघा. असं वीस वेळा. एकदा जरी ते हललं तरी खाचेवर छोटी पत्री पट्टी लावून त्याला अडवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

केबल कुठून न्यायची, हे मी स्वतःच्या गाडीवर ठेच खाऊन शिकलो. पहिल्यांदा बसवलं तेव्हा अ‍ॅक्च्युएटर पुढं, हेडलाइटच्या मागं लावला आणि केबल स्टिअरिंगच्या मानेजवळून फिरवली. गॅरेजमध्ये सगळं झकास. संध्याकाळी गल्लीत यू टर्न घेताना हँडल डावीकडे पूर्ण वळलं, केबल ताणली गेली, रेस चढली आणि मी समोरच्या रसवंतीच्या बाकड्यात घुसलो. लागलं कुणालाच नाही, पण सहा ग्लास भरून द्यावे लागले. तेव्हापासून अ‍ॅक्च्युएटर नेहमी चासिसच्या त्या भागावर लावतो जो हँडलसोबत हलत नाही. काम झालं की इंजिन आइडलवर ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो. आरपीएम जरासुद्धा हलता कामा नये.

आता घाटात सुटण्याचं बघू. इंजिनच्या इनटेकमध्ये व्हॅक्यूम तयार होतो तो थ्रॉटल बंदच्या जवळ असताना. जितका थ्रॉटल उघडा, तितका व्हॅक्यूम कमी. तवंदीच्या चढाला वरच्या गिअरमध्ये ८० राखायचे तर थ्रॉटल बराच उघडावा लागतो, आणि नेमकं तेव्हाच तो उघडा धरणारा पडदा ढिला पडतो. कारला बहुतेकदा तीन-चार सिलिंडर असतात आणि काहींत व्हॅक्यूम साठवायची टाकीही. तुमची दोन सिलिंडरची गाडी, आणि व्हॅक्यूमची नळी त्यातल्या एकाच सिलिंडरवर, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं.

त्यासाठी साठवणीची टाकी बसवा. दोन इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा, दोन्ही टोकांना बूच, सोल्युशननं पक्के. त्यात ६०० मिलीच्या आसपास जागा मिळते. इंजिन आणि टाकीच्या मध्ये एकेरी व्हॉल्व्ह, म्हणजे चढाला इंजिनचा व्हॅक्यूम पडला तरी साठवलेला परत जाणार नाही. व्हॉल्व्ह तोंडानं फुंकून तपासा, एका बाजूनंच हवा गेली पाहिजे. एकानं माशांच्या टाकीच्या पंपाचा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह लावला होता. पेट्रोलच्या वाफेनं आणि उष्णतेनं तो महिनाभरात वाकडा झाला. कारच्या ब्रेक बूस्टरच्या नळीवरचा व्हॉल्व्ह घ्या. दोन्ही सिलिंडरवरून व्हॅक्यूम घ्यायचा असेल तर प्रत्येक नळीला स्वतंत्र व्हॉल्व्ह हवा. दोन्ही नळ्या नुसत्या टी (तीन तोंडांचा जोड) लावून जोडल्या तर दोन इनटेक एकमेकांत मिसळतात आणि आइडलिंग डगमगतं. आणि प्रेशर सेन्सरकडे जाणाऱ्या नळीला टी मारू नका. इंजिन किती हवा घेतंय याचा अंदाज ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या सेन्सरवरून बांधतो, तिथं गळती झाली की पेट्रोलचं मोजमाप बिघडतं.

एवढं करूनही लांबलचक चढाला टाकी संपेल. माझ्या मते घाटात क्रूझ सुटलेलंच बरं. वळणावर वेग यंत्राच्या हाती कशाला द्यायचा?

आता उरला तो झोका. साखळीची ढील ठीक केल्यावर नळीची गळती तपासा. अ‍ॅक्च्युएटरची नळी काढून तिथं मोठी सिरिंज लावा, ओढा आणि धरा. केबल आत खेचलेली तशीच राहिली पाहिजे. हळूहळू बाहेर येत असेल तर यंत्र सतत सोडतं-ओढतं करत राहणार. मग मोड्यूलवरचे बारीक डिप स्विच (सेटिंगसाठीचे चालू-बंद खटके) बघा. त्यात सेन्सिटिव्हिटीची सेटिंग असते. वेग कमी झाल्यावर यंत्रानं किती जोरात ओढायचं, ते तिथं ठरतं. हजार-बाराशे किलोच्या कारला जोर लागतो. तुमची गाडी दोनशे किलोच्या आसपास आणि ताकद ४७ बीएचपी. तिला थोडा थ्रॉटल दिला तरी ती उसळते. म्हणून सर्वांत खालच्या सेटिंगपासून सुरुवात करा. किटच्या पुस्तकात वाहनाच्या नावापुढे जे दिलंय ते कारसाठी आहे.

खालच्या सेटिंगलाही झुलत असेल तर केबल चकतीवर कुठं अडकवली आहे ते बघा. मध्यापासून लांब अडकवली तर तेवढ्याच ओढीत थ्रॉटल कमी उघडतो आणि यंत्र आपोआप मवाळ होतं.

वेगाची खबर यंत्राला कशी मिळते तेही तपासा. तुम्ही मागच्या चाकावर एक चुंबक लावलंय असं लिहिलंय. हिशोब करू. १३०/७०-१८ टायरचा परीघ २ मीटरच्या आसपास, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ५०० फेरे आणि एका मैलाला ८००. ही किटं मैलाच्या हिशोबानं चालतात, त्यांची सर्वांत खालची सेटिंग बहुधा मैलाला २००० पल्सची, म्हणजे ठोक्यांची असते. एका चुंबकाचे ८०० पल्स तिच्या निम्म्यालाही पोचत नाहीत. ८० च्या वेगाला चाक सेकंदाला ११ फेरे घेतं, तेव्हा यंत्राला सेकंदाला ११ च ठोके ऐकू येतात आणि ते अंदाजपंचे चालतं. तीन चुंबकं लावा, समान अंतरावर. २४०० पल्स होतील आणि झोका बराच बसेल. अंतर चुकलं तर ठोके लंगडे पडतात, म्हणून दोऱ्यानं मोजून खुणा करा.

चुंबक ब्रेकच्या डिस्कजवळ लावू नका. साधी निओडायमियम चुंबकं ८० अंशांपुढे ताकद गमावू लागतात, आणि डिस्क त्याहून कितीतरी जास्त तापते. शिवाय त्याच बाजूला एबीएसची दातेरी रिंग असते. तिथं चुंबक आलं की लोखंडाचा कीस जमतो आणि एबीएसच्या सेन्सरला भलताच सिग्नल जातो. त्यापेक्षा चेन स्प्रॉकेटच्या बाजूला इपॉक्सीनं चिकटवा, आधी चेनचं ग्रीस डिझेलनं आणि मग थिनरनं पुसून. सेन्सरची पट्टी स्विंग आर्मवर लावली असेल तर एक लक्षात ठेवा. चेन ताणताना चाक मागे सरकतं आणि सेन्सर चुंबकासमोरून हटतो. दर वेळी चेन ताणली की हे अंतरही बघायचं. काही जण एबीएसच्या सेन्सरच्या वायरलाच टॅप मारून वेग घेतात. क्रूझसाठी एबीएस पणाला लावणं मला तरी पटत नाही.

बटणांविषयी एकच सांगतो, पण महत्त्वाचं. आपल्याकडे डावा अंगठा सतत हॉर्नवर असतो. रिझ्युमचं, म्हणजे आधी सेट केलेला वेग परत आणणारं बटण हॉर्नच्या शेजारी लावू नका. माझ्या एका गिऱ्हाइकानं तसं लावलं होतं. टोलनाक्यावर डावीकडच्या चिंचोळ्या वाटेतून बाहेर पडून त्यानं वेग पन्नासवर नेला, पुढं म्हैस दिसली म्हणून हॉर्न दाबायला गेला आणि दाबलं रिझ्युम. गाडी म्हशीच्या दिशेनं ८० गाठायला निघाली. त्यानं ब्रेक मारला, क्रूझ सुटलं, कारण त्याच्या दिव्यात साधा बल्ब होता. बटणांची पट्टी हॉर्नपासून दूर, क्लचच्या बाजूला वर लावा, म्हणजे बोट मुद्दाम न्यावं लागेल.

रस्त्यावरची चाचणी सकाळी लवकर, मोकळ्या सरळ पट्ट्यावर, एकट्यानं घ्या, मागे कुणाला बसवू नका. डबल स्टँडवर चाक फिरवून क्रूझ सेट करून बघू नका. चाकावर भार नसतो, इंजिन भरकन वर जातं आणि एबीएसचा दिवाही लागतो. ६० ला सेट करा आणि पाच वेळा सोडवा: पुढच्या ब्रेकनं, मागच्या ब्रेकनं, क्लचनं, ऑफच्या बटणानं, आणि शेवटी इंजिनच्या किल स्विचनं, अंगठा तिथं न बघता पोचतो का हे कळावं म्हणून. ब्रेक नुसता टेकवल्यावर, वेग कमी व्हायच्या आधी, क्रूझ सुटलं पाहिजे. मागच्या पेडलचा स्विच उशिरा लागत असेल तर त्याचं नट फिरवून वर घ्या. मग ८०. चौपदरी महामार्गावर मोटारसायकलला मर्यादाही तेवढीच आहे, २०१८ च्या अधिसूचनेनुसार. आकडा मोबाइलच्या जीपीएसवर बघा, बाइकचे मीटर बहुतेकदा जास्त दाखवतात. पाऊस, गावातली गर्दी, रुंदीकरणाचे डायव्हर्जन, अशा ठिकाणी क्रूझ नको, हे तुम्हाला सांगायची गरज नसावी.

कुणाची गाडी राइड बाय वायर असेल, म्हणजे थ्रॉटलला केबलच नसेल, उदाहरणार्थ रॉयल एनफील्डची हिमालयन ४५०, तर वरचं केबल-व्हॅक्यूमचं काहीच लागू नाही. तिथं अ‍ॅक्सिलेटरचा सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये कनेक्टरनं बसणारं इलेक्ट्रॉनिक किट लागतं. त्या सेन्सरमध्ये एकमेकांची पडताळणी करणारे दोन सिग्नल असतात, म्हणून वायर सोलून जोडाजोड करायचीच नाही.

गाडीत केलेल्या बदलांचा विषय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतो, आणि वॉरंटी किंवा विम्याच्या दाव्याच्या वेळी कंपनी बोट दाखवू शकते. विमा कंपनीला लेखी कळवून ठेवा.

आणि मुंग्यांचं मूळ? निम्म्या वेळा ते कोरड्या केबलमध्ये असतं. अ‍ॅक्सिलेटरच्या केबलमध्ये तेल सोडा, ग्रिपच्या आतली नळी साफ करा, ब्रेकचा लीव्हर दोन अंश खाली फिरवा म्हणजे मनगट सरळ राहील. तळव्याखाली टेकणारी प्लास्टिकची पट्टीही मिळते. ती वेग धरत नाही, पण मूठ आवळावी लागत नाही. तुम्ही हे आधी करून पाहिलं असतंत तर कदाचित किटचा खर्च वाचला असता. असो, आता बसवलंच आहे तर नीट करू.

जुना बल्ब लावा, किटची ब्रेकची वायर सुटी करून ब्रेक लाइटच्या वायरपासून अर्थपर्यंत किती ओहम दिसतात ते मोजा, मण्यांच्या साखळीतली ढील मिलिमीटरमध्ये मोजा, आणि डिप स्विचचा एक स्पष्ट फोटो काढा. या तीन गोष्टी कळवा, मग सेन्सिटिव्हिटीचं नेमकं सेटिंग सांगतो.